मार्चमध्ये सांतियागोकडे: किनाऱ्याची वाट धरण्याआधी

सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पायी जायचं ठरलं की बहुतेक जण मे किंवा सप्टेंबर धरतात. हवा उबदार, दिवस मोठा, वाटेवर माणसांची जाग. पण पोर्तुगालच्या पोर्तो शहरातून निघून समुद्राच्या कडेकडेने स्पेनमध्ये शिरणारी जी वाट आहे, ती मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चालण्यात खरोखर मजा आहे. स्पेनच्या गालिसिया प्रांतात तेव्हा कॅमेलिया फुललेला असतो, टेकड्यांवर पिवळी काटेरी झुडपं बहरलेली असतात, आणि सहाशे खोल्यांच्या गावात तुम्हाला हवी ती खोली मिळते. विमानाची तिकिटंही उन्हाळ्याच्या मानाने स्वस्त पडतात.

अडचण एकच. मे महिन्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका हातात घेऊन मार्चमध्ये चालायला गेलात, तर ती रोज थोडी थोडी खोटी ठरते. त्यात दाखवलेला कॅफे बंद असतो, धर्मशाळेच्या दारावर ईस्टरनंतर उघडेल अशी चिठ्ठी असते, होडीवाला भरतीची वाट पाहत बसलेला असतो. म्हणून हंगामाआधी जाणाऱ्याने किलोमीटर नंतर मोजावेत. आधी मोजायची ती उघडी दारं: आज रात्री कुठलं दार उघडं असेल, दुपारी चहाला कुठलं, आणि नदी ओलांडायला कोण नेईल. खालचं सगळं नियोजन या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी वाट समजून घेऊ. पोर्तोच्या कॅथेड्रलपासून सांतियागोपर्यंत किनारी मार्गाने साधारण २७० ते २८० किलोमीटर होतात. मातोझिन्योश, व्हिला दो कोंद, पोव्हुआ द व्हार्झिं, एश्पोझेंद, व्हियाना दो काश्तेलो, कामिन्या ही पोर्तुगालमधली ओळखीची गावं. मग मिन्यो नदी, जी दोन देशांची सीमा आहे. पलीकडे आ ग्वार्दा, ओइया, बायोना, व्हिगो, आणि रेदोंदेलाला हा मार्ग पोर्तुगालच्या आतल्या भागातून येणाऱ्या मध्य मार्गाला मिळतो. तिथून पोंतेवेद्रा, काल्दास दे रेइस, पाद्रोन आणि सांतियागो. रोज वीस-बावीस किलोमीटर धरले तर तेरा-चौदा दिवसांची चाल. मार्चमध्ये याला तीन दिवस जोडा. हे तीन दिवस विश्रांतीचे म्हणून आधीच कुठल्या गावाला बांधून टाकू नका. वादळ कुठे गाठेल ते आधी कळत नसतं.

पोर्तुगालच्या भागात खुणा दोन प्रकारच्या भेटतात आणि नवख्या माणसाचा तिथे गोंधळ होतो. एक वाट अगदी वाळूच्या टेकड्यांवरून, लाकडी फळ्यांच्या पुलांवरून जाते. दुसरी किनाऱ्यापासून थोडी आत, गावांमधून, शेतांमधून आणि निलगिरीच्या रानातून. दोन्ही योग्य आहेत, दोन्ही पुन्हा पुन्हा एकमेकींना भेटतात. उन्हाळ्यात लोक समुद्राची वाट सोडत नाहीत. मार्चमध्ये मात्र रोज सकाळी ठरवायचं. फळ्या ओल्या झाल्या की शेवाळाने निसरड्या होतात, हिवाळ्यातल्या लाटांनी काही तुकडे उखडलेले असतात, वाऱ्याने उडालेली वाळू फळ्यांवर घोट्यापर्यंत साचते. आतली वाट जरा कमी देखणी, पण तिच्यावर गावं आहेत, चर्चचे आडोसे आहेत आणि बेकऱ्या आहेत. पावसाच्या दिवशी आतली वाट, उघडीप असेल तर समुद्राची, असा साधा नियम ठेवा. काश्तेलो दो नेव्हाजवळ आतल्या वाटेवर नेव्हा नदी जुन्या दगडी फरशांवरून ओलांडावी लागते. चार दिवस जोराचा पाऊस झालेला असेल तर तिथे पोहोचण्याआधी गावात विचारा. पाणी फरशांवरून वाहत असेल तर रस्त्याच्या पुलाने वळसा घ्यावा.

पाऊस आणि वारा

सांतियागोला वर्षाला साधारण १८०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या माणसाला हा आकडा ऐकून घाबरायला होत नाही, आणि घाबरायला नकोच; पण मुंबईत पडणारा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पसरलेला असतो. त्यामुळे धो धो कमी आणि बुरबुर जास्त, पण ती बुरबुर सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत थांबत नाही, आणि सोबत थंडी असते. पहाटे सहा ते आठ अंश, दुपारी चौदा ते सोळा. आपल्या पावसात माणूस भिजला तरी घाम येतो. इथे भिजला की कुडकुडतो. दिवसांचा हिशोब करताना निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या वेळी पावसाचे जातील असं धरून चला. तेवढे गेले नाहीत तर फायदाच.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र मार्च मे-जूनपेक्षा बरा असू शकतो. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जोरात वाहतो आणि तुम्ही उत्तरेकडेच निघालेले असता, म्हणजे दिवसभर तोंडावर. हिवाळ्याच्या शेवटी अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाळी लाटा बहुधा नैर्ऋत्येचा वारा घेऊन येतात. तो डाव्या खांद्यावर मागून लागतो. भिजवतो, पण ढकलतोसुद्धा. पाऊस ओसरला की वारा फिरतो आणि वायव्येकडून स्वच्छ, बोचरी हवा येते.

याचा थेट परिणाम कपड्यांवर होतो. खांद्यावरून टाकायचा पोंचो या वाटेवर घेऊ नका. किनाऱ्याच्या वाऱ्यात तो डोक्यावर येतो आणि पुढचं दिसेनासं होतं. टोपीला दोरी असलेलं चांगलं रेन जॅकेट आणि वरून चढवायची पावसाळी पँट घ्या. सॅकवर बाहेरून घालायचं कव्हर वाऱ्याने उडून समुद्रात जातं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात ठेवा. पासपोर्ट, औषधं आणि कोरडे मोजे आणखी एका पिशवीत. कपडे कमी चालतील, पण रात्रीचा एक जोड कोरडा राहिलाच पाहिजे. तो चालताना कधीच अंगावर चढवायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

कपडे वाळणं ही मार्चमधली खरी डोकेदुखी. दोरीवर टाकलेले मोजे सकाळी तसेच गार आणि ओले असतात. मेरिनो लोकरीचे मोजे ओले असतानाही पाय गार पडू देत नाहीत, म्हणून महाग असले तरी दोन जोड घ्या. मोठ्या गावांतल्या नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीतला ड्रायर अर्ध्या तासात सगळं वाळवून देतो. पोव्हुआ, व्हियाना, व्हिगो, पोंतेवेद्रा अशा ठिकाणी त्यासाठीच थांबलात तरी वेळ वाया गेला असं मानू नका.

बुटांविषयी एकच सांगायचं. पोर्तुगालमधला बराच रस्ता लहान लहान चौकोनी दगडांचा आहे, आणि ते दगड पाऊल खालून ठोकत राहतात. चढउतार फारसे नाहीत. त्यामुळे सिंहगड धापा न टाकता चढता येतो म्हणजे तयारी झाली, असं समजणारे लोक इथे तिसऱ्या दिवशी फोडांना औषध लावत बसलेले दिसतात. खरी तयारी म्हणजे त्याच बुटांत, त्याच सॅकसह, सपाट रस्त्यावर सलग चार दिवस पंधरा-सोळा किलोमीटर. पुण्या-नाशिकच्या जानेवारीतल्या गार सकाळी याला उत्तम आहेत. तळव्याखाली चांगली गादी असलेले, अर्धा आकडा मोठे बूट घ्या. पाणी आत जाऊ न देणारे बूट घ्यायचे की नाही यावर चालणाऱ्यांत कायम वाद असतो. या वाटेवर मार्चमध्ये घ्यावेत असं माझं मत, कारण इथे बूट एकदा भिजले तर दोन दिवस वाळत नाहीत.

हवामानासाठी पोर्तुगालमध्ये आयपीएमए आणि स्पेनच्या भागात मेतेओगालिसिया या सरकारी संस्थांचे अंदाज पाहा. दोन्हीकडे पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात आणि लाटांचा इशारा वेगळा दिलेला असतो. तो बघायची सवय लावा. पाऊस नसतानाही समुद्र खवळलेला असू शकतो, आणि नारिंगी इशारा असताना फळ्यांच्या वाटेवरून लाटांचे फोटो काढत जाणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

उघडी दारं

आता मुक्काम. यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांना इथे आल्बेर्गे म्हणतात. त्यांत तीन जाती: नगरपालिका किंवा सरकारच्या, चर्च वा मंडळांच्या, आणि खासगी. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत एका खाटेला दहा युरोच्या आसपास पडतात, आगाऊ नोंदणी होत नाही, दुपारी एकच्या सुमारास दार उघडतं आणि जो आधी येईल त्याला खाट. एकच रात्र राहता येतं. यांतल्या बहुतेक वर्षभर चालू असतात. बंद असतात त्या खासगी, आणि किनारी वाटेवर, विशेषतः व्हिगोच्या अलीकडे, खासगीचाच भरणा जास्त आहे. कित्येकांचा हंगाम ईस्टरला सुरू होतो.

त्यामुळे निघण्याआधी एक संध्याकाळ द्या. प्रत्येक टप्प्यावर दोन जागा शोधा, त्यांच्या ताज्या नोंदी पाहा, आणि शंका असेल तिथे सरळ संदेश पाठवा: अमुक तारखेला उघडं आहे का? पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये व्हॉट्सॲपवर उत्तर देणारे मालक पुष्कळ आहेत. उत्तर न येणं हेही उत्तर समजावं. आल्बेर्गे बंद असेल तर छोटी हॉटेलं आणि घरगुती खोल्या असतात, आणि मार्चमध्ये त्यांचे दर उतरलेले असतात. दोघांत एक खोली घेतली तर आल्बेर्गेच्या फार वर जात नाही. एकूण खर्चाचा अंदाज म्हणून माणशी दिवसाला चाळीस ते साठ युरो धरा, विमान आणि व्हिसा सोडून.

सरकारी आल्बेर्गेत गारठा असतो. हीटर असला तरी तो तुमच्या वेळेला चालू असेल असं नाही, आणि पांघरूण सगळीकडे मिळत नाही. उन्हाळ्यातले लोक नुसती चादरीची पिशवी घेऊन जातात. तुम्ही हलकी पण खरी स्लीपिंग बॅग न्या.

सगळ्यात जपून आखायचा तुकडा म्हणजे आ ग्वार्दा ते बायोना. सुमारे तीस किलोमीटर, डाव्या हाताला उघडा अटलांटिक, उजव्या हाताला डोंगराची भिंत, मधे रस्ता. ओइयाला बाराव्या शतकातला सिस्टर्शियन मठ थेट खडकाळ किनाऱ्यावर उभा आहे. एवढ्या जवळ समुद्र असलेला मठ पाहायला म्हणून तरी ही वाट चालावी. पण ओइयाच्या पुढेमागे वस्ती विरळ, मुक्कामाच्या जागा मोजक्या, आणि मार्चच्या मधल्या वारी दुपारी दोन वाजता उघडा कॅफे मिळेल याची हमी नाही. हा भाग दोन दिवसांत तोडा, ओइया किंवा मोउगासची रात्र आधी पक्की करा, आणि जेवणाचा डबा आ ग्वार्दालाच भरून घ्या. सिलेइरो भूशिराला वळसा घालताना वारा अंगावर येतो. त्या दिवशी इशारा नारिंगी असेल तर आ ग्वार्दाहून बस पकडून पुढे जायला लाजू नका.

आणि गर्दीचे दोन सापळे. मार्च म्हणजे सगळीकडे शुकशुकाट असं नाही. १ मार्च १४९३ या दिवशी कोलंबसाच्या ताफ्यातलं पिंता नावाचं जहाज बायोनाला लागलं आणि अमेरिकेची पहिली बातमी युरोपला इथे कळली. त्याची आठवण म्हणून बायोनात मार्चच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी मोठी जत्रा भरते, जुन्या काळचे पोशाख, बाजार, सगळं. जत्रा बघायची असेल तर महिनाभर आधी खोली घ्या; नसेल तर त्या रात्री तिथे पोहोचू नका.

दुसरा सापळा ईस्टर. पवित्र आठवड्यात स्पेनला सुट्टी असते आणि शेवटचे शंभर किलोमीटर चालायला हजारो लोक उतरतात. गुड फ्रायडेला दुकानं बंद, बसगाड्या कमी. ईस्टर दर वर्षी हलतो: २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल, २०२९ मध्ये १ एप्रिल. त्या आठवड्यात व्हिगो ते सांतियागो या पट्ट्यात असू नये, किंवा असाल तर सगळ्या रात्री आधी पक्क्या असाव्यात. २०२७ तर सांतियागोचं पवित्र वर्षही आहे, कारण ज्याच्या नावाने ही यात्रा आहे त्या संत याकोबाचा २५ जुलैचा सण त्या वर्षी रविवारी येतो. तेव्हा त्या वर्षीचा मार्च शांत असेल या भरवशावर तिकीट काढणाऱ्याने पुन्हा विचार करावा. एरवीही गर्दी वाढतेच आहे. २०२४ मध्ये सांतियागोच्या यात्री कार्यालयात जवळपास पाच लाख लोकांची नोंद झाली.

नदी, घड्याळ, रेल्वे

कामिन्याला मिन्यो नदी ओलांडून स्पेनमध्ये जायचं. नदीचं मुख इथे रुंद आणि गाळाने भरलेलं आहे, ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात. मोठी फेरीबोट या गाळामुळे कित्येकदा बंद असते. यात्रेकरूंना छोट्या मोटारहोड्या नेतात, आणि त्या भरती, वारा आणि प्रवाशांची संख्या पाहून निघतात. आदल्या दिवशी संदेश पाठवून वेळ ठरवा. ठरवताना हेही विचारा की ही वेळ कुठल्या घड्याळाची: पोर्तुगाल आणि स्पेन यांच्यात एक तासाचा फरक आहे. पोर्तुगालमध्ये दहा वाजलेले असताना पलीकडच्या काठावर अकरा वाजलेले असतात. पलीकडे उतरल्यावर आल्बेर्गेला पोहोचायची वेळ आणि जेवणाची वेळ दोन्ही एका तासाने जवळ आलेल्या असतात.

होडी निघालीच नाही तर रडायचं कारण नाही. कामिन्याला रेल्वे स्टेशन आहे. नदीकाठच्या मार्गावरची गाडी व्हालेन्साला नेते, आणि तिथून १८८६ चा लोखंडी पूल चालत ओलांडला की समोर स्पेनमधलं तुई. पायी जायचं असेल तर कामिन्याहून नदीच्या काठाने व्हिला नोव्हा द सेर्व्हेइराला मुक्काम करून व्हालेन्साला दोन दिवसांत जाता येतं, आणि ही वाट स्वतःच फार सुंदर आहे. तुईहून मध्य मार्ग धरायचा, रेदोंदेलाला किनारी मार्ग पुन्हा भेटतो. समुद्र काही दिवस हुकतो एवढंच. वादळाच्या आठवड्यात मी हाच पर्याय निवडेन.

रेल्वेचा हा आधार पोर्तुगालच्या बऱ्याचशा भागात आहे हे डोक्यात असू द्या. पोर्तोची मेट्रो थेट व्हिला दो कोंद आणि पोव्हुआपर्यंत जाते. त्यामुळे पहिले दोन दिवस पोर्तोलाच खोली ठेवून, हलकी पिशवी घेऊन चालायचं आणि संध्याकाळी मेट्रोने परत यायचं, असं करता येतं. प्रवासाचा थकवा, वेळेचा फरक आणि नवे बूट या तिन्हींना हे मानवतं. पुढे व्हियानापासून किनाऱ्याला समांतर रेल्वे आहेच. व्हियानात शिरताना लिमा नदीवरचा पूल गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८७८ मध्ये बांधलेला. चालायची पट्टी अरुंद आहे, वरून मोटारी, खालून रेल्वे, बाजूने वारा. टोपी हातात घ्या. गावात पोहोचल्यावर बंदरात उभं असलेलं जिल एआनेश हे जहाज बघायला विसरू नका. न्यूफाउंडलंडकडे कॉड मासे पकडायला जाणाऱ्या पोर्तुगाली ताफ्याचं ते इस्पितळ होतं.

घड्याळाची दुसरी गंमत सूर्याची. गालिसिया भूगोलाने पोर्तुगालच्या रेषेत आहे, पण घड्याळ माद्रिदचं. त्यामुळे मार्चमध्ये तिथे सूर्य आठच्या आसपास उगवतो, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे गेल्यावर तर आठनंतर. वारीतल्यासारखं पहाटे चारला उठून निघायची हौस इथे नको. अंधारात वाट दाखवणारे पिवळे बाण दिसत नाहीत आणि साडेआठपर्यंत कॅफेही उघडत नाही. साडेआठला निघा, तीनच्या आत पोहोचा. संध्याकाळ मोठी असते.

व्हिसा, शिक्के, पोट

व्हिसाची एक बाब या वाटेवर खास आहे. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात तुमच्या रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. समान असतील तर जिथे पहिल्यांदा उतराल तिकडे. किनारी मार्ग दोन देशांत विभागलेला आहे. पोर्तोला दोन दिवस आधी राहायचं की सांतियागोला दोन दिवस जास्त, यावर अर्ज कुठे जाईल हे ठरतं. म्हणून रात्री आधी मोजा, मग अर्ज. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चला निघायचं असेल तर डिसेंबरमध्ये उरकून टाका. किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं. मुक्कामाची नोंदणी दाखवावी लागते आणि सरकारी आल्बेर्गे तर नोंदणी घेत नाहीत, तेव्हा त्या रात्रींसाठी रद्द करता येतील अशा खोल्या घ्या, आणि सोबत चालण्याचं वेळापत्रक एका पानावर साध्या भाषेत लिहून जोडा. नुसतं पर्यटन म्हणून लिहिलं आणि रोज वेगळ्या खेड्यात मुक्काम दाखवला तर कागद तपासणाऱ्याला ते विचित्र वाटणारच.

पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये क्रेदेन्सियाल नावाची घडीची पुस्तिका मिळते. तिच्यावर रोज शिक्के घ्यायचे: आल्बेर्गे, चर्च, कॅफे, टपाल कार्यालय, कुणीही देतं. सांतियागोला प्रमाणपत्र हवं असेल तर पायी किमान १०० किलोमीटर झाले पाहिजेत, आणि शेवटच्या शंभरात दिवसाला दोन शिक्के हवेत. वेळ कमी असलेले लोक व्हिगोहून निघतात. व्हिगो शंभराच्या काठावरच आहे. बायोनाहून निघालात तर एक सुंदर दिवसही मिळतो आणि अंतराची काळजीही राहत नाही. मार्चमध्ये चर्च बरेचदा कुलपात असतात, म्हणून सकाळच्या कॉफीबरोबर पहिला शिक्का मारून घ्या.

शाकाहारी मंडळींनी थोडा गृहपाठ करून जावं. किनारा आहे, मासे जिकडेतिकडे, मातोझिन्योशच्या रस्त्यांवर तर निखाऱ्यावर मासे भाजत असतात. मासे खाणाऱ्या मालवणी-रत्नागिरीकराला इथे काही शिकवायची गरज नाही. बाकीच्यांसाठी पोर्तुगालमधली भाज्यांची सूप हा मोठा आधार. गरम, स्वस्त, प्रत्येक गावात. हिरव्या कोबीच्या सूपात सॉसेजचा तुकडा तरंगत येतो, तो नको असं आधीच सांगा. गालिसियाच्या पातळ भाजीसारख्या काल्दोत मात्र डुकराची चरबी असते, तिथे ताटात मांस दिसत नाही म्हणून फसू नका. स्पेनमध्ये मांस नको म्हटल्यावर हॅम घालून आणतात. हॅमचं नाव वेगळं घ्यावं लागतं. बटाट्याचं जाड ऑम्लेट अंडं खाणाऱ्यांना तारून नेतं. पाद्रोनच्या प्रसिद्ध हिरव्या मिरच्या उन्हाळ्याच्या, मार्चमध्ये त्यांची आशा धरू नका.

स्वतः रांधायचं असेल तर एक सूचना. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं, शेगडी असते, भांडी बहुधा नसतात. एक हलकं पातेलं आणि चमचा बरोबर असला तर मुगाची खिचडी होते. मेतकूट, मसाल्याची पुडी, भाजके पोहे घेऊन जा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. रविवारी दुपारनंतर लहान गावांतली दुकानं बंद असतात. शनिवारीच सोमवार सकाळपर्यंतचं सामान घ्या. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी मिळत नाही. दिवसभर चालून आलेल्याला ते झेपत नाही, म्हणून दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान मुख्य जेवण करून घ्यावं आणि रात्री सूप-पाव.

पोंतेवेद्राला पोहोचल्यावर एक फाटा लागतो. सरळ वाट काल्दासकडे जाते. डावीकडची आर्मेन्तेइराच्या मठाकडे चढते, मग पाणचक्क्यांच्या ओढ्याने उतरून व्हिलानोव्हा दे आरोउसाला समुद्राशी जाते, आणि तिथून होडीने शिंपल्यांच्या तराफ्यांमधून, नदीतून वर पाद्रोनच्या जवळ. संत याकोबाचं शरीर याच पाण्याने आणलं अशी श्रद्धा आहे आणि नदीकाठी दगडी क्रूस उभे आहेत. मार्चमध्ये ओढा भरलेला, रान गर्द, म्हणजे ही वाट सर्वांत सुंदर असते आणि सर्वांत निसरडीही. हंगामाआधी होडीच्या फेऱ्या कमी, पाण्यावर अवलंबून. होडीची खात्री पोंतेवेद्रालाच करून घ्या. होडी नसेल तर डावीकडे वळू नका, कारण व्हिलानोव्हाहून पाद्रोनला पायी जाणं म्हणजे एक पूर्ण जास्तीचा दिवस.

सॅक गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवायची सोय या वाटेवर आहे, पण हंगामाआधी सगळ्या टप्प्यांवर ती मिळेलच असं नाही, आधी विचारा. पाठीचा त्रास असलेल्यांनी सात किलोच्या वर ओझं नेऊच नये. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि फोनची बॅटरी कधीही पुढे पाठवायची नाही. अडचणीला दोन्ही देशांत ११२ हा क्रमांक चालतो. एकट्याने चालणाऱ्यांनी, स्त्री असो की पुरुष, रोज संध्याकाळी घरी मुक्कामाचं नाव कळवावं. उन्हाळ्यात मागून कोणी ना कोणी येतच असतं. मार्चच्या मंगळवारी फळ्यांच्या वाटेवर तासभर माणूस भेटत नाही.

सांतियागोला यात्री कार्यालय ओब्रादोइरो चौकाजवळच्या कार्रेतास रस्त्यावर आहे. दुपारी पोहोचलात तर आधी तिथे जा, रांग लहान असते, मग आंघोळ. दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसातला कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंची प्रार्थना असते. मोठं धूपपात्र रोज झुलवत नाहीत, त्यासाठी दिवस अडवून ठेवू नका. परतीला पोर्तोची बस काही तासांत नेते, माद्रिदला वेगवान रेल्वे साडेतीन तासांच्या आसपास. ईस्टरच्या आठवड्यात या दोन्हींची तिकिटं निघण्याआधीच काढा. बाकीच्या आठवड्यांत चालताना, शेवटचे दोन-तीन दिवस उरले असताना काढली तरी चालतात, आणि तेव्हाच काढणं बरं, कारण ते जोडलेले तीन दिवस खर्च झालेत की शिल्लक आहेत हे तोवर कळलेलं असतं.